बदलून दिलेली सीडी

१

सूरज पैलवान मैदानात पडला तेव्हा लोकांना आधी वाटलं, डावच असेल.

गारगोटीच्या पुढच्या एका गावची चैत्रातली यात्रा. दुपारी चारचं ऊन आणि आखाड्याभोवती दहा हजार माणूस. समोरच्या कृष्णातनं अजून कसलाही डाव टाकला नव्हता. वीस मिनिटं नुसती खडाखडी चाललेली, म्हणजे मानेला हात, मनगटाला हात, एकमेकाची ताकद चाचपायची. तेवढ्यात सूरजचे गुडघे मोडले आणि तो तांबड्या मातीत तोंडावर आडवा झाला. कृष्णात बिचारा हात पुढं करून तसाच उभा. हलगी वाजतच राहिली, कारण हलगीवाल्यालाही काही कळलं नव्हतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत पोरगं संपलं. वय अवघं तेवीस. डॉक्टर म्हणाले ऊन, पेपरात आलं उष्माघात, आणि लोकांनी दोन दिवस हळहळ करून विषय सोडला. २००३ सालचा उन्हाळा होताही तसाच.

महिन्यानं ॲडव्होकेट दीक्षा कांबळेच्या टेबलावर एक नोटीस येऊन पडली. पहिल्यांदा वाचताना दीक्षाला चक्क हसू आलं. नोटीस घेऊन आलेला सम्मेद मगदूम मात्र हसत नव्हता. राजारामपुरीत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. माणूस सरळ, इतका की समोरच्याला अवघडून यावं.

"त्या यात्रेतल्या कुस्त्यांची सीडी तुम्ही विकत घेतली, आणि विनापरवाना कॉम्प्युटरमध्ये कॉपी मारली, असं रणमैदान व्हिडिओवाले म्हणतात," दीक्षा म्हणाली. "तीन दिवसांत कॉम्प्युटर आणून द्या, नाहीतर फौजदारी. मारलीय का कॉपी?"

"मारलीय की."

"विकली?"

"न्हाय ओ मॅडम. आमचे आप्पा अंथरुणाला खिळल्यात. जन्मभर कुस्तीचा नाद. दिवसातनं चारदा तीच सीडी लावायला सांगत्यात. आठवड्यात ओरखडे पडले, चित्र अडकाय लागलं. म्हणून उतरवून ठेवली. घरच्यापुरती."

"मग त्यांना कळलं कसं?"

सम्मेदनं मान खाली घातली. "मीच सांगितलं."

प्रकार असा झाला होता. सीड्या विकून पंधरा दिवस होतात न होतात तोच दुकानदारानं पाटी लावली, की माल सदोष निघाला आहे, जुनी सीडी आणा आणि नवी फुकट न्या. लोक खुशीत बदलून घेऊन गेले. सम्मेदनंही बदलली. पण घरी येऊन त्याच्या मनाला टोचणी लागली. पैसे मोजले ते त्या डिस्कचे. ती डिस्क तर परत दिली. मग तिच्यावरनं उतरवलेली कॉपी आता कुणाची?

"आमच्या घरात न विचारता काडी उचलायची न्हाय, असं आप्पांनी शिकवलंय," सम्मेद म्हणाला. "मला झोप लागंना. म्हणून परत दुकानात गेलतो. म्हटलं, कॉपी पुसू का ठेवू?"

दीक्षानं पेन खाली ठेवलं. अख्ख्या करवीरनगरीत असा प्रश्न विचारायला जाणारा हा एकच प्राणी असणार, आणि तो नेमका आपल्याच पदरात पडला.

"खरं सांगते, कायदा इथं आपल्या बाजूनं छातीठोक बोलत नाही," ती म्हणाली. "स्वतःच्या वापरापुरती नक्कल केली तर सूट आहे. पण त्या ओळीत पुस्तकं, नाटकं, संगीत, चित्रं आहेत. व्हिडिओचं नाव नाही. त्यात तुम्ही मूळ सीडी परत देऊन बसलाय."

पण तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. स्टँडाबाहेर हातगाड्यांवर नव्या सिनेमांच्या नकला भाजीसारख्या विकल्या जात होत्या, आणि त्यांना कुणी हटकत नव्हतं. अशा गावात एका म्हाताऱ्याच्या घरातल्या एका नकलेपायी वकिलाची नोटीस का यावी?

"अजून एक हाय," सम्मेद हळू आवाजात म्हणाला आणि त्यानं खिडकीकडं बोट केलं.

खाली रस्त्यापलीकडं एक जीप उभी होती. आत तीन पैलवान बसले होते, कान मोडलेले, माना जाड. ते पान खात नव्हते की एकमेकाशी बोलत नव्हते, नुसते वर खिडकीकडं बघत होते.

"परवापासनं मागं हायत. काय म्हणत न्हाईत. नुसतं बसत्यात."

२

दुसऱ्या दिवशी दीक्षा सम्मेदच्या घरी गेली. जुनी कॉपी कॉम्प्युटरवर लावली, बदलून मिळालेली सीडी टीव्हीवर, आणि दोन्ही एकदम सुरू केल्या. खाटेवर तक्क्याला टेकून आप्पा, म्हणजे वर्धमान मगदूम, लग्नात व्याह्याची चूक शोधायला बसल्यासारखे बघत होते. शरीर गेलं होतं, नजर शाबूत होती.

दोन्हींची लांबी सारखी, कुस्त्या त्याच, क्रमही तोच. पाऊण तास दीक्षाला काडीचाही फरक दिसला नाही. सूरजची कुस्ती लागायची वेळ आली तसे आप्पा ताठ झाले.

"थांबीव. टीव्हीतलं बघा बाई. हलगीवाल्यानं काय घातलंय?"

"स्वेटर."

"चैत्रात? आमच्या अंगाची लाही होत होती आणि ह्यो गडी स्वेटर घालून हलगी बडवतोय? थंडीतल्या मैदानातला तुकडा हाय ह्यो. हितं आणून डकवलाय."

कॉम्प्युटरवरच्या जुन्या कॉपीत त्या जागी हलगी नव्हतीच. तिथं आखाड्याचा काठ होता. सूरज कुणाकडं तरी बघून हसत उभा, खांद्याला माती. कॅमेऱ्यापुढं एका फेटेवाल्याची पाठ आडवी आलेली. त्या फेट्यामागून एक हात निघाला, हातात तांब्या. सूरज वाकला, त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि प्याला. पुन्हा ओंजळ पुढं केली, पुन्हा प्याला. तिसऱ्यांदाही. तांब्या धरणाऱ्याचं तोंड एकदाही दिसलं नाही. मग सूरज मातीला हात लावून आत गेला, आणि पुढं काय झालं ते जगाला ठाऊक होतं.

दीक्षा खाटेकडं वळली.

"पैलवान मैदानात कुणाच्याही हातचं पाणी पितो का, आप्पा?"

"छ्या. सख्ख्या भावाच्या हातचं घेणार न्हाय. फक्त वस्तादाच्या हातचं. पाण्यात कायबाय घालणारी माणसं काय कमी असत्यात व्हय?"

"पण सूरजच्या वस्तादांनी, दादासोंनी पोलिसांना काय सांगितलंय? पेपरात आलं होतं. त्यानं देवाच्या तीर्थाशिवाय घोटभरही काही घेतलं नाही, मी स्वतः नारळ आणायला देवळाकडं गेलो होतो."

"मग पुजाऱ्यानं तीर्थ दिलं आसंल," आप्पा म्हणाले. "तीर्थ कोण नाकारंल?"

पण बोलता बोलता ते थांबले आणि पडद्याकडं बघत राहिले. तीर्थ उजव्या तळहातावर पळीभर घेतात. दोन्ही हातांनी तीन-तीन ओंजळी कोण घेतं? त्यांनी तसं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. सम्मेदनं उचलला, ऐकला आणि पांढराफटक पडला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पावणं, कॉम्प्युटर जड आसंल तर सांगा. आम्ही उचलून न्हेतो. आप्पांच्या खाटंसकट."

३

रणमैदान व्हिडिओचा मालक पृथ्वीराज घाटगे गोडबोल्या माणूस होता. त्यानं चहा मागवला, पंखा दीक्षाकडं वळवला आणि धंदा कसा अवघड झालाय हे दहा मिनिटं सांगितलं.

"एक कॉपी म्हणजे एक चोरी, मॅडम. आम्ही उन्हातान्हात शूटिंग करायचं आणि लोकांनी घरात फुकट उतरवून घ्यायचं?"

"त्यानं पैसे मोजले होते."

"एका सीडीचे. दोन चित्रांचे न्हाय."

मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, हे दीक्षानं मनातल्या मनात मान्य केलं. मग ती शांतपणे म्हणाली, "आता त्याच्याकडं एकच आहे. तुमच्या नव्या सीडीत ती ओंजळ नाही."

पृथ्वीराजचा कप बशीत वाजला.

"तुकडा काढलात, तो का काढला ते सांगा. नाही सांगितलंत तर हेच मी पोलिसांपुढं विचारेन. एक पोरगा मेलाय, आणि मरायच्या आधीचं त्याचं शेवटचं चित्र तुम्ही दुकानादुकानातून गोळा करून नष्ट केलंय."

पृथ्वीराजनं कपाळ पुसलं. गोडवा सगळा उतरला होता. "आईशप्पथ, माझ्या मनात काय वाईट न्हवतं. दादासो वस्ताद आलते. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, सूरजच्या आईला पोरगं शेवटचं हसताना बघवायचं न्हाय, तेवढं काढ. माणुसकी म्हणून काढलं."

"आणि सम्मेदला नोटीस?"

"मी सहज बोललो त्यांच्यापाशी, एकानं कॉपी ठेवलीय म्हणून. तवा त्यांनीच वकील गाठून दिला. माऊलीच्या जिवाला घोर नको, म्हणाले. तालमीतली पोरं बी त्यांचीच."

दीक्षा उठली. दया मोठी होती वस्तादांची. फक्त त्या माऊलीला कुणी विचारलं होतं का, एवढंच बघायचं राहिलं होतं.

४

सूरजचं घर हातकणंगल्याजवळच्या एका वाडीत होतं. दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण. सूरजची आई झुंबरबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. दीक्षाचं नाव ऐकून तिनं मुकाट्यानं पाणी आणून दिलं.

"सूरजची सीडी तुम्हाला बघायची नव्हती, असं ऐकलं मी."

झुंबरबाईनं सूप खाली ठेवलं. "कोण म्हणतंय? तीनदा गेलतो मी त्या दुकानात. म्हटलं, दावा माझं पोरगं एकदा. तर म्हणाला, मावशे, सीडी खराब हाय. माझ्याकडं त्याचा साधा फोटू बी न्हाय, बाई. शाळंतला एक हाय, त्यात मिशी बी फुटली न्हवती त्याला."

ती रडली नाही, आणि त्याचाच दीक्षाला जास्त त्रास झाला. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं वस्तादांचा विषय काढला.

"देवमाणूस," झुंबरबाई म्हणाली. "बारा वर्सं पोटच्यावाणी सांभाळला. सूरज बी त्यांचं सगळं करायचा. पाय दाबायचा, धुणं धुवायचा, त्यांच्या झोपंच्या गोळ्या बी ह्योच आणून द्यायचा. पुण्याच्या तालमीत जायचं ठरलं तवा कुठं थोडं वाजलं दोघांचं."

"पुण्याला जाणार होता?"

"हे मैदान मारलं की दुसऱ्या दिवशी. वस्ताद चार दिस बोललं न्हाईत त्याच्याशी. आता दर ऐतवारी येत्यात, हितं दारात बसत्यात. चा बी घेत न्हाईत. पोर गेल्यापासनं गोळी बी सोडली म्हणत्यात. रातभर जागंच."

दीक्षानं ग्लास परत द्यायला आत पाऊल टाकलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. दोन्हींना ताज्या फुलांचा हार. नेमक्या अशाच दोन तसबिरी तिच्या आईच्या घरात होत्या, तशाच शेजारी शेजारी.

"मावशी," तसबिरींकडं बघतच तिनं विचारलं, "सूरज यात्रेत तीर्थ घ्यायचा का हो?"

"माझा सूरज?" झुंबरबाई पहिल्यांदाच थोडी तापली. "त्याच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतलीय. पुजारी म्होरं आला तर हात जोडून बाजूला व्हायचा. कुणाचा अपमान केला न्हाय, पर तीर्थ कदी घेतलं न्हाय. वस्तादास्नी विचारा की. बारा वर्सांत त्यांनी कदी बघितलं का त्याला तीर्थ घेताना?"

दीक्षा परतीच्या एस.टी.त बसली. पोलिसांनी तीर्थ लिहून घेतलं, पेपरानं छापलं, आप्पांसारख्या जाणत्या माणसालाही ते खरं वाटलं, कारण त्यांच्यापैकी कुणाच्याही घरात तीर्थ नाकारायची रीत नव्हती. आणि ज्यानं ते सांगितलं होतं, त्याला ही रीत बारा वर्षं माहीत होती.

५

तालमीत दुपारी माती चाळायचं काम चालू होतं. दीक्षा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सम्मेद मागं होता. जीपमधले तिघेही तिथंच होते. दादासो वस्ताद स्वतः उठून बाहेर आले. साठीचे, उंच, डोळे खोल गेलेले.

"या बाई. कॉम्प्युटर आणलाय का?"

"नाही. कॉम्प्युटर पोलिसांकडं दिलाय, आम्हीच सकाळी. सूरजचा व्हिसेरा दवाखान्यानं राखून ठेवला होता, पण अहवाल कुणी मागितलाच नव्हता. तो अर्जही दिलाय."

"ती कॉपी चोरीची हाय," दादासो म्हणाले.

"असेल. त्याचं काय ते कोर्ट ठरवेल. पण सूरज त्यात पाणी पितोय, ते तर खरं आहे ना?"

"तीर्थ घेतलं त्यानं. पुजाऱ्यानं दिलं."

"तीन ओंजळी? आणि सूरजनं?" दीक्षाचा आवाज चढला नव्हता. "वस्ताद, मीही तशाच बौद्ध घरातली आहे. आमच्याकडं तीर्थ घेत नाहीत. सूरज घेत नव्हता, आणि गावात दुसऱ्या कुणाला नसेल, पण तुम्हाला ते माहीत होतं. म्हणजे ओंजळीत पाणी होतं. पाणी पैलवान कुणाच्या हातचं घेतो? कृष्णातच्या माणसानं दिलं असतं तर सूरज मागं सरला असता. व्हिडिओवाल्याचं घेतलं नसतं. आईला आखाड्याजवळ येता येत नाही. मग एकच हात उरतो. आणि तो हात तुमचा नसता, तर ते चित्र पुसायला तुम्ही एवढी धडपड केली नसती. आईसाठी म्हणालात. आई तर ते चित्र बघायला दुकानाच्या पायऱ्या झिजवतेय."

मातीची चाळण थांबली होती. तिघा पैलवानांतला एकजण पुढं आला. "वस्ताद, ही बाई काय बोलतीय? तुम्ही तर म्हणाला, तालमीची बदनामी करायला निघाल्यात म्हणून."

दादासोंनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते चौथऱ्यावर खाली बसले.

"चार गोळ्या," ते म्हणाले. "रोज मी एक घ्यायचो. म्हटलं, चारनं एवढा गडी काय झोपत न्हाय, नुसता ढिला पडंल. कृष्णात पाठ लावंल. हरलेल्या पैलवानाला पुण्यात कोण इचारतंय? ऱ्हाईल हितंच. दोन वर्सं अजून घडवला असता मी त्याला." त्यांनी आपले दोन्ही तळहात उघडून पाहिले. "ऊन एवढं आसंल, हे ध्यानातच आलं न्हाय. पानी कडू लागतंय म्हणाला. मी म्हटलं, पी. तर प्याला."

तो पुढं आलेला पैलवान वळला, खुंटीवरचा सदरा घेतला आणि तालमीबाहेर पडला. त्याच्या मागून दुसरा गेला, तिसरा गेला, माती चाळणारेही गेले. जाताना एकानंही वस्तादांच्या पायाला हात लावला नाही. दादासो रिकाम्या आखाड्याकडं तोंड करून बसून राहिले. पोलीस येईपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही.

६

पृथ्वीराजनं नोटीस मागं घेतली. सम्मेदची नक्कल कायदेशीर होती का नव्हती, हे काही कोर्टानं सांगितलं नाही, कारण आता तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. पोलिसांनी पंचनामा करून कॉम्प्युटर परत दिला. तरी सम्मेदच्या मनातली टोचणी गेली नव्हती.

"पोलिसांकडं एक हाय आता," तो दीक्षाला म्हणाला. "मग माझ्याकडची पुसून टाकू?"

"आधी एकजणीला दाखवा," दीक्षा म्हणाली.

झुंबरबाई दुपारच्या गाडीनं आली. क्लासमधल्या खुर्चीत अवघडून, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून बसली. सम्मेदनं सगळं एकदा दाखवलं. ती पापणी न हलवता बघत राहिली. तांब्या आला, ओंजळ आली. मग म्हणाली, "परत लाव."

दुसऱ्यांदा सूरज काठावर येऊन उभा राहिला, खांद्याला माती, कुणाकडं तरी बघून हसणारा. फेट्यामागून हात निघायच्या आत झुंबरबाईनं आपला हात उचलला.

"हितं थांबीव."

सम्मेदनं थांबवलं. ती उठली, पडद्याजवळ गेली आणि बराच वेळ लेकाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"हितपतूरचं मला दे, बाळा," ती म्हणाली. "फुडचं तुमच्या कायद्याला ऱ्हाऊ दे."

सम्मेदनं दीक्षाकडं बघितलं नाही. त्यानं खणातून एक कोरी सीडी काढली.